घरचा हौद आणि नगराचा परवाना

गेल्या वैशाखातील गोष्ट आहे. माझा एक जुना विद्यार्थी मजकडे आला. मराठी चौथीच्या वर्गात मी त्याचे शुद्धलेखन तपासले होते. आज तो मुंबईच्या उपनगरात स्वतःच्या लहानशा बंगल्याचा धनी आहे. त्याच्या मनात आपल्या आवारात मुलांसाठी पोहण्याचा एक हौद बांधावयाचा होता. नकाशा तयार होता, गवंडी ठरला होता, पैशाचीही तजवीज झाली होती. अडले होते ते केवळ परवान्यापाशी. कचेरीत चार खेपा झाल्या आणि प्रत्येक खेपेस नवा कागद मागण्यात आला. माझाच दुसरा एक विद्यार्थी त्या कचेरीत अधिकारी आहे, हे त्याला ठाऊक होते. तो म्हणाला, “गुरुजी, आपण त्याला एक शब्द टाकावा. अहो, जमीन माझी, पैसा माझा, पोहणार माझी मुले. मग माझ्याच अंगणात खड्डा खणावयास परवानगी कोणाची आणि कशासाठी?”

शब्द टाकण्याचे मी त्या दिवशी टाळले. परंतु त्याचा प्रश्न मात्र मला टाळता येईना. चाळीस वर्षे मुलांना इतिहास शिकविलेल्या माणसाला ‘कशासाठी?’ असे कोणी विचारले, म्हणजे त्याचा हात आपोआप जुन्या पुस्तकांकडे जातो. त्या शोधात जे हाती लागले, ते आज या नभोवाणीवरून आपणांपुढे ठेवीत आहे.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की हा प्रश्न आजचा नव्हे. एकोणीस शतकांपूर्वी रोम नगरातील धनिकही तो विचारीत असत. त्या नगरास दूरच्या डोंगरांतून नऊ कालव्यांनी पाणी येई. इ. स. ९७ मध्ये बादशहा नेर्व्हा याने फ्राँटिनस नावाच्या अनुभवी सेनानीस या पाण्याचा मुख्य अधिकारी नेमले. या गृहस्थाने कामावर रुजू होताच जे केले, ते आजच्या प्रत्येक अधिकाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. हाताखालच्या कारकुनांच्या सल्ल्यावर विसंबून राहणे त्याला कमीपणाचे वाटले. म्हणून त्याने सर्व कालवे, नळ, मापे आणि कायदे स्वतः अभ्यासून त्यांवर एक ग्रंथच लिहिला. तो ग्रंथ सुदैवाने आजही उपलब्ध आहे, आणि त्यातून रोममधील पाण्याच्या परवान्याची सारी पद्धत आपणांस कळते.

खाजगी घरात, स्नानगृहात किंवा बागेतील हौदात सार्वजनिक पाणी घ्यावयाचे, तर खुद्द बादशहाचे आज्ञापत्र लागे. ते पत्र अर्जदाराने पाणी-अधिकाऱ्याकडे न्यावयाचे. मग सरकारी माणसे वाटपाच्या टाकीस एक काशाची नळी बसवीत. ही नळी निदान बारा अंगुळे लांब असावयाची आणि तिच्यावर सरकारी शिक्का असावयाचा. काशाचीच का? तर शिसे ठोकून रुंदावता येते, काशास सहसा तसे करता येत नाही! शिवाय हा हक्क ज्याच्या नावे दिला त्याच्यापुरताच असे. घर विकले म्हणजे तो विकत घेणाऱ्याकडे जात नसे. मालक वारला म्हणजे तो मुलाकडेही उतरत नसे. नव्या धन्याने नवा अर्ज करावयाचा. त्याच्याही पूर्वी, प्रजासत्ताकाच्या काळात, नियम याहून कडक होता. सार्वजनिक हौदातून जे पाणी ओसंडून वाहून जाईल, तेवढेच काय ते खाजगी उपयोगास मिळे. आणि तेही कर भरून. इ. स. पूर्व ९ या वर्षीच्या एका कायद्याने जाणूनबुजून नळ फोडणाऱ्यास एक लक्ष सेस्टर्स दंड ठेवला होता. सेस्टर्स हे तेथील नाणे.

एवढा बंदोबस्त असूनही चोरी होतच असे. फ्राँटिनस लिहितो, की कित्येक नळ्या परवान्यापेक्षा रुंद निघाल्या, कित्येकींवर शिक्काच नव्हता; आणि रस्त्याखालील नळांना गुपचूप भोके पाडून पाणी विकणाऱ्या नोकरांचा तर एक धंदाच बनला होता. या चोरवाटा बंद केल्यावर नुसते शिसेच पुष्कळ परत मिळाले, असेही त्याने नमूद केले आहे. तेव्हा लाचलुचपत आणि परवाना ही भावंडे फार जुनी आहेत, हे मी माझ्या विद्यार्थ्याच्या वतीने मान्य करतो. परंतु परवान्याचे मूळ लाचेत नाही. त्याचे मूळ या विचारात आहे, की पाणी माझ्या भिंतीच्या आत आले म्हणून ते सर्वस्वी माझे होत नाही.

रोमचा परवाना मुख्यतः वाटणीसाठी होता. आपल्या मुंबईच्या परवान्यामागे मात्र याहून दुःखद कारण आहे, आणि ते समजण्यास मुंबईच्या जुन्या विहिरींकडे जावे लागते.

मुंबई हे मुळात बेटांचे गाव. चोहोकडे पाणी, पण पिण्याजोगे फार थोडे. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. तोपर्यंत सारी वस्ती विहिरींवर आणि तलावांवर अवलंबून होती. धोबी तलाव, गोवालिया टँक, कावसजी पटेल टँक, दोन टाकी ही नावे आपण रोज उच्चारतो. आज त्या जागी पाण्याचा थेंब नाही, पण एके काळी ते खरोखरीचे तलाव होते. विहीर खणणे हे त्या काळी पुण्यकर्म समजले जाई. चर्चगेटजवळची भिका बेहराम यांची विहीर १७२५ साली खणली गेली आणि पारशी भाविक आजही तेथे प्रार्थनेस येतात. ज्याला ऐपत होती त्याने वाड्यात विहीर खणावी, बागेत हौद बांधावा, कारंजे उडवावे. त्यात कोणाची परवानगी घ्यावी लागेल अशी कल्पना कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

विहारनंतर १८७९ मध्ये तुळशीचे आणि १८९२ मध्ये तानसाचे पाणी आले. घरोघर नळ झाले. पण विहिरी राहिल्याच. वापर कमी झाला, उपसा थांबला, आणि त्या काळोख्या, शांत, स्वच्छ पाण्यात एक नवा रहिवासी सुखाने नांदू लागला. तो कोण, हे अजून कोणास ठाऊक नव्हते.

१८९७ च्या ऑगस्ट महिन्याच्या २० तारखेस सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस या डॉक्टरास एका डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू दिसले. तोपर्यंत हा ताप दूषित हवेने येतो, अशी समजूत होती. रॉसच्या शोधाने शत्रू हवेत नसून पाण्यात वाढतो हे सिद्ध झाले, आणि जगातील प्रत्येक शहराच्या आरोग्यखात्यापुढे एकच प्रश्न उभा राहिला : आमच्या गावात हा डास निपजतो कोठे?

मुंबईपुरते त्याचे उत्तर डॉक्टर चार्ल्स बेंटली यांनी १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात दिले. ते उत्तर शहराला रुचणारे नव्हते. मुंबईत हिवताप पसरविणारा डास, ज्याला शास्त्रज्ञ अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी म्हणतात, तो गटारांतील घाणीत वाढत नाही. त्याला स्वच्छ पाणी लागते. सभ्य लोकांच्या घरच्या विहिरी, गच्चीवरची टाकी, बागेतील हौद आणि कारंजी हीच त्याची माहेरघरे. म्हणजे ज्या गोष्टींचा गृहस्थास अभिमान, त्याच त्याच्या शेजाऱ्याच्या तापाचे कारण ठरत होत्या! डासास कुंपण कळत नाही. विहीर एकाची, आणि अंथरूण धरणार पलीकडच्या चाळीतला कोणी.

मग म्युनिसिपालिटीने विहिरी बुजविण्याचा किंवा झाकण्याचा हुकूम काढला, आणि शहरात मोठी खळबळ उडाली. ती खळबळ केवळ हट्टाची नव्हती, हे आपण समजून घेतले पाहिजे. पारशी समाजात विहीर ही नुसती पाण्याची सोय नसून उपासनेचे स्थान होते. कित्येक हिंदू घरांतही देवपूजेस नळाच्या पाण्यापेक्षा विहिरीचे पाणी प्रशस्त मानीत. शिवाय अनेक विहिरींत एखादा पीर, एखादी देवता, एखादा ब्रह्मपुरुष वास करतो अशी दृढ श्रद्धा होती. विहीर घट्ट बंद केली तर त्याने जावे कोठे, आणि त्याच्या कोपास उत्तर कोणी द्यावे? त्या वेळचे म्युनिसिपालिटीचे चिटणीस रुस्तुम पेस्तनजी मसानी यांच्यापुढे हे अर्ज येत. मसानी हे रसिक आणि विद्वान गृहस्थ. त्यांनी या अर्जांची थट्टा केली नाही. उलट त्यांतून त्यांना जलपूजेच्या अभ्यासाचा नाद लागला आणि १९१८ साली त्यांनी विहिरींच्या लोकश्रद्धांवर ‘फोकलोर ऑफ वेल्स’ हे एक सुंदर इंग्रजी पुस्तक लिहिले. हेच मसानी पुढे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले.

या झगड्यातून जो मार्ग निघाला, तो मला फार मोलाचा वाटतो. विहीर सर्वस्वी बंद करण्याऐवजी तिच्यावर झाकण घालून त्या झाकणात बारीक तारेच्या जाळीचे एक दार ठेवावयाचे. उपासकाला दार उघडून पाणी काढता यावे, विहिरीतल्या देवतेला वाट असावी, आणि डासाला मात्र मज्जाव असावा. कायद्याने श्रद्धेपुढे मान तुकविली नाही आणि श्रद्धेला लाथाडलेही नाही. दोघांनी मिळून एक जाळी बसविली!

आता मूळ परवान्याकडे वळू. मुंबईचा म्युनिसिपल कायदा १८८८ सालचा. त्याच्या घडणीत फेरोजशहा मेहतांचा मोठा वाटा होता. या कायद्यात मागाहून ३८१-अ हे कलम घालण्यात आले. त्याचा आशय असा, की कमिशनरच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय कोणीही नवी विहीर, तलाव, डबके, हौद अथवा कारंजे खणू वा बांधू नये. तसे कोणी केलेच, तर कमिशनरने ते बुजविण्याचा किंवा पाडण्याचा हुकूम द्यावा. अथवा योग्य वाटल्यास ते राहू देण्याची परवानगी द्यावी. परंतु अशी परवानगी मिळाली तरी आधी न विचारता काम केल्याच्या अपराधातून तो मनुष्य सुटत नाही. कलमातील ती पाच नावे पुन्हा ऐका : विहीर, तलाव, डबके, हौद, कारंजे. ज्या पाण्याने लोकांस तापात लोटले, त्याच पाण्याची ही यादी आहे. घरगुती पोहण्याचा हौद हा अखेर हौदच. म्हणूनच माझ्या विद्यार्थ्याच्या नकाशावर इमारतखात्याच्या सहीबरोबर कीटकनाशक खात्याचीही सही मागितली जाते. त्याला ते विनोदाचे वाटले होते. पोहण्याच्या हौदाचा आणि डासांचा संबंध काय, असे तो हसून म्हणाला होता.

संबंध असा आहे. जोवर हौदातील पाणी यंत्राने खेळते आणि गाळले जाते, त्यात क्लोरीन पडते, आणि रोज मुले त्यात उड्या मारतात, तोवर डासास तेथे थारा नाही. धोका आहे तो न वापरलेल्या हौदाचा. घरची मंडळी परगावी गेली, पंप बिघडला, पावसाळा लागला, की तोच हौद बेंटली यांच्या अहवालातील विहीर होतो. परवाना विचारतो तो हेच विचारतो : तुम्ही पोहाल तेव्हाचे राहू द्या, तुम्ही पोहणार नाही तेव्हा या पाण्याचे काय होईल?

बाकीच्या कागदांचेही तसेच आहे. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर चाळीस सेंटिमीटर खोल असा हौद घ्या. त्यात सुमारे ४५,००० लिटर पाणी मावते, म्हणजे जमिनीवर ४५ टनांचे ओझे पडते. एवढा खड्डा शेजाऱ्याच्या पायाजवळ खणला तर त्याच्या भिंतीचे काय, हे स्थापत्यतज्ज्ञानेच सांगितले पाहिजे. उलट भर पावसाळ्यात हौद रिकामा केला, तर जमिनीखालचे पाणी त्यास नावेसारखे वर उचलू पाहते आणि तळ दुभंगतो. म्हणून इंजिनियराची सही. हौद उपसताना क्लोरीनचे पाणी कोणत्या गटारात सोडणार, म्हणून मलनिःसारणाचा नकाशा. रांगणारे मूल काठाशी पोहोचू नये, म्हणून कठडा.

आणि पाणी आणणार कोठून? आपल्या देशात शहरातील माणसास दिवसाकाठी १३५ लिटर पाणी असावे असे प्रमाण धरतात. त्या हिशेबाने वर सांगितलेल्या हौदाच्या एका भरण्यात पाच माणसांच्या कुटुंबाची दोन महिन्यांहून अधिक काळची गरज भागते. २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी न्यावे लागले होते, हे आपणांपैकी कोणी विसरले नसेल. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे क्रिकेट सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्यास सांगितले. मैदानावर शिंपडण्याच्या पाण्याचाही तेव्हा जाब द्यावा लागला. रोमचा तो जुना प्रश्न, ‘ओसंडणारे पाणी आहे काय?’, असा दोन हजार वर्षांनी आपल्या दारी उभा राहिला.

हे सर्व मी त्या विद्यार्थ्यास सांगितले. तो सभ्यपणे ऐकत होता; पण त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते, की गुरुजींचा इतिहासाचा तास पुन्हा सुरू झाला, एवढेच त्याला वाटत आहे. तेव्हा मी त्याला एक नाव विचारले. ते नाव मी येथे उच्चारणार नाही.

१९९५ च्या सुमारास मुंबईत हिवतापाने पुन्हा डोके वर काढले होते. ठिकठिकाणी नव्या इमारती उठत होत्या आणि बांधकामांच्या टाक्यांतून, तळघरांतून पाणी साचलेले असे. आमच्या शाळेमागेही असेच एक काम अर्धवट पडले होते. तेथल्या उघड्या टाक्यात दुपारच्या सुट्टीत मुले खडे टाकीत. मी एकदोनदा त्यांना रागावलोही. त्या पावसाळ्यात माझ्या वर्गातील एक मुलगा हिवतापाने आजारी पडला. ताप डोक्यात गेला आणि चार दिवसांत सारे संपले. त्याच टाक्यातल्या डासाने त्याचा घात केला, असे मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण हजेरी घेताना त्याच्या नावापाशी मी वर्षभर अडखळत होतो, हे मात्र शपथेवर सांगेन. मुलांना रागावण्याऐवजी त्या टाक्याविषयी मी एक अर्ज लिहिला असता तर? मला शुद्धलेखन येत होते, कागद होता, टपालही होते. अर्ज तेवढा लिहिला गेला नाही.

तो मुलगा ज्याच्या शेजारी बसत असे, तोच हा माझा विद्यार्थी. त्याला नाव आठवत होते. बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही.

श्रोतेहो, परवान्याची कचेरी निर्दोष आहे असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. चार खेपांना चार निरनिराळे कागद मागणे हा अन्यायच होय. जो नियम पहिल्याच दिवशी पूर्णपणे सांगता येत नाही, तो नियम सांगणाऱ्यासच नीट कळलेला नसतो. तेथे फ्राँटिनसचा धडा घ्यावा : अधिकाऱ्याने आपले शास्त्र स्वतः शिकावे आणि लिहून ठेवावे. तेथेच मसानींचाही धडा घ्यावा : अर्जदार जे बोलतो ते आधी ऐकावे, कदाचित जाळीच्या दाराने दोघांचेही काम भागेल. परंतु नागरिकानेही एक गोष्ट शिकावयाची आहे. परवान्याचा कागद सरकार मागत असले, तरी तो मागण्याचा खरा हक्क भिंतीपलीकडच्या माणसाचा आहे. त्याला कचेरीत येऊन बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने तो कागद बोलतो.

जाताना माझा विद्यार्थी दारात थांबला आणि म्हणाला, “गुरुजी, शब्द टाकू नका. नकाशा मी पुन्हा काढवून घेतो. हौद लहान करतो, आणि वर्षाकाळात त्यावर काय घालावयाचे, तेही त्यात दाखवितो.” पुढे आणखी दोन खेपा झाल्या आणि परवाना मिळाला. परवा तो मला बंगल्यावर घेऊन गेला होता. हौद अजून कोरडाच आहे. पण काठावर कठडा उभा राहिला आहे आणि झाकणाच्या जाळीचे माप घेण्यास सुतार आला होता. धाकटी मुलगी कठड्याला धरून आत डोकावत होती आणि पाणी केव्हा येणार म्हणून विचारीत होती. बाप तिला म्हणाला, “जाळी बसली की.”